म्हातारी विमानं आणि कुंपणाला चिकटलेली माणसं: ब्रिटनच्या व्हीसी-१०ची गोष्ट

ज्यांनी एपिसोड ऐकलाय त्यांच्यासाठी ही उजळणी, आणि ज्यांना ट्रेनच्या गर्दीत इअरफोन लावता आले नाहीत त्यांच्यासाठी ही सुरुवात. नेहमीसारखंच बोललेलं थोडं झाडूनपुसून लिहिलंय. 'म्हणजे' आणि 'अ‍ॅक्च्युअली' निम्मे काढलेत, निम्मे चुकून राहिले असतील.

आजचा प्रश्न जरा विचित्र आहे. एखादं विमान निवृत्त होतंय म्हणून माणसाच्या डोळ्यांत पाणी येतं का? तेही लढाऊ विमान नाही हां. लढाऊ विमानांचं ग्लॅमर आपण समजू शकतो. मी बोलतोय मालवाहू आणि टँकर विमानांबद्दल, म्हणजे हवाई दलाच्या ट्रकबद्दल. तर उत्तर: येतं. आणि ब्रिटनमध्ये तर भरपूर येतं.

२० सप्टेंबर २०१३. इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायरमध्ये ब्राइझ नॉर्टन नावाचा हवाई तळ आहे. तिथून व्हीसी-१० जातीच्या दोन विमानांनी ब्रिटिश हवाई दलासाठी, म्हणजे आरएएफसाठी, शेवटची कामगिरी केली. त्यांचे शेपटीवरचे नंबर झेडए१४७ आणि झेडए१५०. हवेतल्या हवेत शेवटचं इंधन दिलं, देशभर एक निरोपाची फेरी मारली आणि परत आली. चार दिवसांनी, २४ तारखेला, झेडए१५० डन्सफोल्डला जाऊन उतरलं. २५ तारखेला झेडए१४७ ब्रंटिंगथॉर्पला गेलं. त्या दिवसानंतर जगात कुठेही एकही व्हीसी-१० उडालेलं नाही.

गंमत बघा, झेडए१५० हे कारखान्यातून बाहेर पडलेलं सगळ्यात शेवटचं व्हीसी-१०. १९७० साली बनलेलं. एकूण बनली फक्त ५४. बोइंग ७०७ जवळजवळ हजारभर बनली, त्याच्यापुढे हा आकडा अगदीच किरकोळ. धंद्याच्या हिशोबाने बघितलं तर हे विमान फ्लॉप होतं. मग एका फ्लॉप विमानाचा एवढा लळा का लागावा? त्यासाठी ते का बनवलं इथपासून सुरुवात करावी लागेल.

गरम हवा, उंच गाव, आखूड धावपट्टी

१९५० च्या दशकात ब्रिटनची सरकारी विमान कंपनी होती बीओएसी. तिचे बरेच मार्ग आफ्रिका आणि आशियातल्या जुन्या साम्राज्यातून जायचे. नैरोबीचा विमानतळ समुद्रसपाटीपासून १,६०० मीटरहून जास्त उंच, जोहान्सबर्गचा जवळपास १,७०० मीटर. वरून ऊन. आता उंचावर हवा विरळ असते आणि गरम हवा आणखी विरळ होते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते, इंजिनात हवा कमी जाते, म्हणून जोरही कमी मिळतो. दोन्हीकडून मार. अशा वेळी विमानाला जमिनीवरून उठायला जास्त वेग लागतो, म्हणजेच लांबलचक धावपट्टी लागते. आणि त्या काळात तिथल्या धावपट्ट्या होत्या आखूड.

व्हिकर्स कंपनीच्या इंजिनिअर मंडळींनी यावर जो तोडगा काढला तो मला आजही भारी वाटतो. चारही इंजिनं पंखांवरून उचलली आणि शेपटीजवळ नेऊन दोन्ही बाजूंना दोन-दोन अशी बसवली. पंख एकदम मोकळे झाले. आता पंखाच्या पुढच्या आणि मागच्या कडेला उचल वाढवणारे पडदे जवळजवळ सलग लावता येतात, मध्ये इंजिनाची अडचण नाही. त्यामुळे विमान कमी वेगात उठतं आणि कमी वेगात उतरतं. इंजिनं मागे आल्यावर आडवी शेपटी खाली ठेवून चालणार नव्हतं, म्हणून ती उभ्या शेपटीच्या टोकावर बसवली. इंग्रजी टी अक्षरासारखी. व्हीसी-१० लांबूनही ओळखू येतं ते या ऐटदार शेपटीमुळे.

२९ जून १९६२ ला पहिलं उड्डाण झालं, ते ब्रुकलँड्सच्या कारखान्याच्या धावपट्टीवरून. ही धावपट्टी सव्वा किलोमीटरसुद्धा नाही. पुण्याच्या लोहगावची जी आहे तिच्या निम्म्याहूनही कमी. चार इंजिनांचं लांब पल्ल्याचं जेट विमान एवढ्याशा पट्टीवरून पहिल्याच दिवशी उडालं, हीच त्याची जाहिरात.

पण इंजिनिअरिंगमध्ये फुकट काही मिळत नाही. पंखावर इंजिन टांगलेलं असलं की त्याचं वजन पंखाला खाली ओढतं आणि हवा पंखाला वर उचलते, त्यामुळे पंखाच्या मुळाशी ताण कमी येतो. इंजिन मागे नेलं की ही सोय गेली, पंख जास्त मजबूत म्हणजे जास्त जड करावा लागला. मागचा सांगाडाही जड. जड विमान जास्त इंधन पितं. तरी हे चाललं असतं, पण तेवढ्यात झालं काय की आफ्रिकेतल्या आणि आशियातल्या विमानतळांनी आपापल्या धावपट्ट्या लांब करून घेतल्या. ज्या अडचणीसाठी हे विमान बनलं ती अडचणच संपली! आता ७०७ सुद्धा तिथे उतरू लागलं, आणि तेही कमी खर्चात. बीओएसीने स्वतःच आपल्या देशाच्या विमानाच्या खर्चाबद्दल जाहीर कुरकुर सुरू केली. आपलंच गिऱ्हाईक चारचौघांत असं बोलायला लागलं तर दुसरं कोण घेणार?

प्रवाशांना मात्र ते फार आवडायचं. इंजिनं मागे असल्यामुळे केबिन शांत. कमी वेगात अलगद उतरायचं. २९ एप्रिल १९६४ ला लंडन ते लागोस असा त्याचा पहिला नियमित प्रवास झाला आणि पुढच्या वर्षी मोठा भाऊ सुपर व्हीसी-१० न्यूयॉर्कच्या मार्गावर आला.

ही विमानं आपल्या मुंबईतही यायची बरं का. सप्टेंबर १९७० मध्ये पॅलेस्टिनी अतिरेक्यांनी अनेक विमानं पळवून जॉर्डनच्या वाळवंटात डॉसन्स फील्डला उतरवली आणि मग रिकामी करून स्फोटाने उडवली. टीव्हीवर जगभर दिसलेली ती दृश्यं तुम्ही कुठल्यातरी डॉक्युमेंटरीत नक्की बघितली असतील. त्यातलं एक होतं बीओएसीचं व्हीसी-१०, फ्लाइट ७७५. मुंबईहून बहारीन, बैरूतमार्गे लंडनला निघालेलं.

सैन्यात भरती

प्रवासी कंपन्यांना जे परवडत नव्हतं, ते हवाई दलाला हवंच होतं. आखूड पट्टीवर उतरणारं, लांब जाणारं, वेगवान विमान. आरएएफने १४ विमानं मागवली आणि ती १९६६ पासून १० नंबरच्या स्क्वाड्रनकडे यायला लागली. अंगाने छोटी आवृत्ती, पंख आणि ताकदवान इंजिनं सुपरची, शेपटीत इंधनाची जादा टाकी आणि सामानासाठी मोठा दरवाजा. प्रत्येक विमानाला व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेल्या एकेका वीराचं नाव दिलं होतं.

आत शिरल्यावर पहिल्यांदा बसणारा माणूस गोंधळायचा, कारण सगळ्या सीट उलट्या. तोंड विमानाच्या शेपटीकडे. यामागचं कारण साधं आहे. विमान अचानक थांबलं तर सरळ बसलेला माणूस पट्ट्यावर फेकला जातो, उलट बसलेल्याच्या पाठीला आख्खी सीट आधार देते. जास्त सुरक्षित पद्धत ही. तरी प्रवासी विमानांत ती आली नाही, तिकीट काढलेल्या माणसाला पाठमोरं उडायला आवडत नाही म्हणून. सैनिकाला कोण विचारतंय!

पुढची चाळीसहून जास्त वर्षं या विमानांनी जे केलं, त्यात या लळ्याचं उत्तर आहे. १९८२ मध्ये फॉकलंडच्या युद्धात जखमी झालेल्या सैनिकांना आधी जहाजाने उरुग्वेची राजधानी मोंटेव्हिडिओला नेलं आणि तिथून व्हीसी-१० ने घरी आणलं. १९९१ चं आखाती युद्ध, अफगाणिस्तान, इराक, २०११ मधलं लिबिया, सगळीकडे हे विमान होतं. एखाद्या ब्रिटिश सैनिकासाठी 'घरी जाणं' याचा अर्थ बऱ्याचदा या विमानाच्या पायऱ्या चढणं असा होता. फौजींच्या मुलांनी बाबा परदेशातल्या तळावर बदलून गेले तेव्हा पहिला विमानप्रवास यातूनच केला. जेट फायटरमध्ये एक किंवा दोन माणसं बसतात. ट्रकमधून सगळेच जातात. म्हणून ट्रकच्या आठवणी जास्त लोकांकडे असतात.

हवेतला पेट्रोल पंप

नंतर आरएएफने इतर कंपन्यांची जुनी व्हीसी-१० विकत घेतली आणि त्यांचे टँकर केले. गल्फ एअरची पाच, ईस्ट आफ्रिकन एअरवेजची चार, आणि बीओएसीची वारसदार ब्रिटिश एअरवेजची काही. केनिया, युगांडा आणि टांझानिया या तीन देशांनी मिळून चालवलेली ईस्ट आफ्रिकन कंपनी १९७७ मध्ये बुडाली होती. सुरुवातीला सांगितलेली झेडए१४७ आणि झेडए१५० ही दोघं तिचीच पोरं. म्हणजे नैरोबीच्या उंच पठारासाठी बनलेलं विमान उत्तर समुद्रावर लढाऊ विमानांना दूध पाजत म्हातारं झालं.

इंधन देण्याची ब्रिटिश पद्धत अशी: टँकर आपल्या पंखाखालच्या डब्यातून एक लांब होज सोडतो. होजच्या टोकाला टोपली असते, बॅडमिंटनच्या शटलकॉकसारखी दिसणारी. मागून येणाऱ्या विमानाच्या नाकापुढे एक नळी असते. पायलटने ती नळी त्या हलत्या टोपलीत नेमकी घालायची. ताशी काहीशे किलोमीटर वेगाने. रात्री, ढगात, पेट्रोल संपत आलेलं असताना. व्हीसी-१० च्या टँकरमध्ये अशा तीन जागा होत्या, दोन पंखांखाली आणि एक पोटाखाली.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण हा किस्सा सोडवत नाही. फॉकलंड युद्धात अटलांटिकमधल्या असेन्शन बेटावरून फॉकलंडपर्यंत सामान न्यायचं होतं. अंतर सहा हजार किलोमीटरहून जास्त, एका दिशेने. काम हर्क्युलिसचं, म्हणजे चार पंख्यांच्या मालवाहू विमानाचं. त्याला हवेत इंधन द्यायला होता व्हिक्टर, मुळातला जेट बॉम्बर. अडचण अशी की व्हिक्टर कितीही हळू उडाला तरी हर्क्युलिसला त्याचा वेग सपाटीवर गाठता येईना. मग उपाय काय? दोघांनी मिळून खाली घसरायचं! उतारावर सायकल जशी पेडल न मारता पळते तसं. उंचावर जोडी जुळवायची आणि इंधन भरता भरता हळूहळू खाली येत राहायचं. या युक्तीला त्यांनी घसरगाडीवरून नाव दिलं, टोबॉगनिंग. लोकांना या विमानांबद्दल प्रेम वाटतं त्यात अशा जुगाडांचा मोठा वाटा आहे.

तो आवाज

(ऐकणाऱ्यांनी इथे दहा सेकंद आवाज ऐकला. वाचणाऱ्यांनो, हेडफोनचा आवाज आधी कमी करा आणि मग 'व्हीसी-१० टेकऑफ' असं शोधून व्हिडिओ लावा.)

व्हीसी-१० च्या चाहत्यांना विचारा, काय आठवतं? दहातले नऊ जण आवाज म्हणतील. त्याची रोल्स-रॉइसची कॉनवे इंजिनं. हे जगात सेवेत आलेलं पहिलं टर्बोफॅन. टर्बोफॅनमध्ये पुढून आत येणाऱ्या हवेचे दोन भाग होतात. एक भाग आत जाऊन जळतो, दुसरा बाजूने थंडच निघून जातो. आजच्या इंजिनांत बाजूने जाणारी हवा जळणाऱ्या हवेच्या कितीतरी पट असते. आरएएफची नवी व्हॉयेजर विमानं ज्या इंजिनांवर चालतात त्यांत ती साधारण पाचपट. कॉनवेमध्ये ती आत जाणाऱ्या हवेपेक्षाही कमी होती. म्हणजे थोडी हवा, पण प्रचंड वेगाने मागे फेकलेली.

आणि गोंगाट ठरतो वेगावर. जेम्स लाइटहिल नावाच्या ब्रिटिश गणितज्ञाने १९५२ मध्ये दाखवून दिलं की जेटच्या झोताची ध्वनिशक्ती त्याच्या वेगाच्या आठव्या घातानुसार वाढते. आठव्या! वेग दुप्पट केला तर गोंगाटाची शक्ती २५६ पट. बीटेकच्या फ्लुइड मेकॅनिक्समध्ये बहुतेक सगळे घात दुसऱ्या-तिसऱ्यावर थांबायचे, म्हणून हा आठवा घात डोक्यात घट्ट बसला. नवी विमानं जास्त हवा सावकाश ढकलतात, त्यामुळे जोर तेवढाच आणि आवाज अगदी कमी. तळाजवळ राहणाऱ्या लोकांसाठी ही चांगलीच गोष्ट आहे. कुंपणावरचा म्हातारा मात्र सांगेल की छातीत घुमणारं ते काहीतरी गेलं. दोघंही खरं बोलतायत.

आवाजाबरोबर माणसंही गेली. व्हीसी-१० च्या कॉकपिटमध्ये दोन पायलट, एक नेव्हिगेटर आणि एक फ्लाइट इंजिनिअर बसायचा. फ्लाइट इंजिनिअरसमोर काट्यांच्या घड्याळांची आख्खी भिंत. कुठल्या टाकीतून कुठे इंधन न्यायचं, कुठलं इंजिन जरा तापतंय, हे त्याने बघायचं. आज ते काम सॉफ्टवेअर करतं. मी ज्या धंद्यात आहे त्याच धंद्याने त्यांची खुर्ची काढून घेतली, त्यामुळे यावर फार हळवं होण्याचा मला हक्क नाही. पण चाळीस वर्षं एकाच यंत्राची कुरकुर ओळखणारा माणूस निवृत्त झाला की त्याच्या डोक्यातलं मॅन्युअल कुठल्याच सर्व्हरवर उतरवलेलं नसतं, हेही तितकंच खरं.

आता कडू भाग

इथपर्यंत सगळं गोडगोड झालं. आता दुसरी बाजू सांगितली नाही तर फसवणूक होईल.

२ सप्टेंबर २००६, अफगाणिस्तानातलं कंदाहार. आरएएफचं निमरॉड जातीचं टेहळणी विमान, नंबर एक्सव्ही२३०, हवेत इंधन घेतल्यावर काही मिनिटांत पेटलं. आतले सगळे १४ जण गेले. निमरॉड हे मालवाहू नाही, पण व्हीसी-१० च्याच पिढीतलं, त्याच्यासारखंच ब्रिटिश आणि त्याच्यासारखंच लाडकं विमान. मूळचा सांगाडा तर त्याहून जुन्या कॉमेट प्रवासी विमानाचा.

वकील चार्ल्स हॅडन-केव्ह यांनी चौकशी केली आणि २००९ मध्ये अहवाल दिला. त्यात जे निघालं ते कुठल्याही इंजिनिअरने वाचावं असं आहे. विमानात गरम हवेची एक नळी मुळापासून होती, १९६९ च्या सुमाराची. १९७९ च्या सुमारास आणखी एक गरम नळी जोडली गेली. फॉकलंड युद्धात घाईघाईने हवेत इंधन घेण्याची सोय बसवली आणि नंतर ती कायमची केली. तीन वेगवेगळ्या काळातले, वेगवेगळ्या लोकांनी केलेले तीन बदल. इंधन सांडू शकेल अशी जागा आणि ते पेटवू शकेल इतकी तापलेली नळी एकाच कोपऱ्यात आली. शोधायला हवं होतं ते सुरक्षेच्या तपासणीत. तपासणी झालीही, पण तिच्यात चुकाच चुका. कारण करणाऱ्यांच्या मनात आधीच ठरलेलं होतं की तीस वर्षं उडतंय म्हणजे सुरक्षितच आहे, आपण फक्त कागद पूर्ण करायचेत.

सॉफ्टवेअरमध्ये आम्ही याला लेगसी सिस्टम म्हणतो. 'चालतंय ना? मग हात लावू नकोस.' हे वाक्य प्रत्येक ऑफिसात ऐकू येतं. आमच्याकडे फार तर सर्व्हर बसतो. तिथे १४ घरं बसली. या अहवालानंतर ब्रिटनने लष्करी विमानांच्या सुरक्षेसाठी मिलिटरी एव्हिएशन अथॉरिटी ही नवी यंत्रणा २०१० मध्ये उभी केली, आणि निमरॉडची ती आवृत्ती त्याच वर्षी निवृत्त झाली.

हर्क्युलिसचंही असंच एक दुखणं आहे. ३० जानेवारी २००५ ला बगदादजवळ एक्सव्ही१७९ हे हर्क्युलिस जमिनीवरून गोळीबार करून पाडलं गेलं. १० जण मेले. पंखातल्या इंधनाच्या टाकीत स्फोट झाला होता. असा स्फोट होऊ नये म्हणून टाकीत एक विशेष फोम भरता येतो. अमेरिकेच्या हर्क्युलिसमध्ये तो कित्येक वर्षं होता, ब्रिटनच्या या विमानात नव्हता. तो बसवला गेला या मृत्यूंनंतर.

म्हणून माझं मत विचाराल तर: विमानावर प्रेम करा, पण 'पूर्वीची विमानं कशी दणकट होती, आता तसं काही उरलं नाही' हे ऐकलं की जरा थांबा. जी पडली ती आठवणींच्या फोटोत येत नाहीत. आणि निवृत्ती वेळेवर झाली, यात अपमान नाही.

अर्थात नवीन आलं की सगळं छान, असंही नाही. व्हीसी-१० च्या जागी आलेली व्हॉयेजर म्हणजे एअरबस ए३३० चा टँकर. २००८ मध्ये एका खासगी कंपनीशी २७ वर्षांचा करार झाला, सुमारे साडेदहा अब्ज पाउंडांचा. विमानं कंपनीची, आरएएफ ती सेवा म्हणून वापरणार. या सौद्यावर ब्रिटनमध्ये बरीच टीका झाली. जुन्याचा गहिवर येतो त्यात हाही एक धागा असतो. आधी विमान 'आपलं' होतं, आता ते सबस्क्रिप्शनवर आहे.

अल्बर्टचा निरोप

यानंतर दहा वर्षांनी तसाच आणखी एक निरोप झाला. हर्क्युलिस. बनावट अमेरिकन, पण ब्रिटिशांनी १९६७ पासून इतकं वापरलं की त्याला 'अल्बर्ट' हे घरातलं नाव पडलं. पहिल्या खेपेला ६६ घेतली होती, पुढे नव्या पिढीची २५. यांचा तळ बरीच वर्षं लायनहॅमला होता. शेजारच्या वूटन बॅसेट गावाचं नाव तुम्ही कदाचित ऐकलं असेल. २००७ ते २०११ या काळात इराक-अफगाणिस्तानात मेलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या शवपेट्या लायनहॅमला उतरायच्या आणि गावातून जायच्या. गावातले लोक कुणी न सांगता रस्त्याच्या कडेला येऊन गप्प उभे राहायचे. त्याबद्दल २०११ मध्ये गावाला 'रॉयल' ही पदवी मिळाली.

हर्क्युलिस २०३० पर्यंत ठेवायचं असं २०१५ मध्ये ठरलं होतं. २०२१ मध्ये सरकारने ते बदललं आणि २०२३ ही मुदत दिली. जागा घेणार होतं मोठं, नवं ए४००एम अ‍ॅटलास. पुष्कळ जाणकारांनी विरोध केला, कारण विशेष दलांना कच्च्या पट्टीवर गुपचूप उतरवण्यात हर्क्युलिसचा हात धरणारं कुणी नव्हतं. आणि नशिबाचा खेळ बघा. निरोपाला दोन महिने उरलेले असताना, एप्रिल २०२३ मध्ये सुदानमध्ये यादवी पेटली आणि खार्टूमजवळच्या वादी सिदना पट्टीवरून लोकांना सोडवायला ए४००एम च्या बरोबरीने हीच म्हातारी विमानं गेली. १४ जून २०२३ ला तीन हर्क्युलिसनी ब्रिटनवरून कित्येक तास निरोपाची फेरी मारली, आणि महिन्याअखेर सेवा संपली. छप्पन वर्षं.

आणि आपला अ‍ॅव्हरो

हे सगळं लांबचं वाटत असेल तर आता जवळ येऊ. असंच एक ब्रिटिश मालवाहू विमान सध्या निवृत्तीच्या रांगेत उभं आहे आणि ते आपल्याच हवाई दलात आहे. अ‍ॅव्हरो ७४८.

मूळ विमान १९६० मध्ये इंग्लंडात वुडफर्डला पहिल्यांदा उडालं. भारताने ते इथेच बनवायचं ठरवलं. हवाई दलाच्या कानपूरच्या डेपोत जोडलेलं पहिलं विमान १ नोव्हेंबर १९६१ ला उडालं. नाव ठेवलं 'सुब्रतो', हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख सुब्रतो मुखर्जी यांच्यावरून. पुढे एचएएलने कानपुरात अशी ८९ बनवली, त्यातली काही इंडियन एअरलाइन्सनेही प्रवासी सेवेत चालवली. तुमच्या घरात साठी-सत्तरीचं कुणी त्या काळी विमानाने फिरलेलं असेल तर विचारून बघा, अ‍ॅव्हरो नक्की आठवेल.

आरएएफने याच विमानाचा अँडोव्हर नावाचा लष्करी भाऊ वापरला. त्याची एक खासियत सांगतोच. मागे उतरता दरवाजा होता, आणि मालाच्या ट्रकला टेकवायला सोपं जावं म्हणून अँडोव्हर चाकांचे पाय वाकवून खाली बसायचा. उंट बसतो तसा.

अ‍ॅव्हरोची दोन इंजिनं रोल्स-रॉइस डार्ट. आत हवा दाबायला मिक्सरच्या भांड्यासारखी गरगर फिरणारी दोन चाकं, त्यामुळे आवाज घुमणारा नाही, कानात सुई घातल्यासारखा किंचाळणारा. कॉनवेइतकंच ओळखीचं.

याची जागा घेतंय सी-२९५. सप्टेंबर २०२१ मध्ये ५६ विमानांचा करार झाला. पहिली १६ स्पेनमधून तयार होऊन येणार आणि उरलेली ४० टाटांच्या बडोद्याच्या कारखान्यात बनणार, अशी वाटणी. तो कारखाना ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला. कानपूरनंतर आता हे मालवाहू विमानही भारतात बनतंय, यावेळी खासगी कारखान्यात.

ब्रिटनमध्ये झेडए१५० निवृत्तीनंतर डन्सफोल्डला जपून ठेवलं गेलं आणि स्वयंसेवकांनी त्याची इंजिनं सुरू करून दाखवली. पहिल्या १४ मधलं एक्सआर८०८ रस्त्याने तुकड्यांत नेऊन कॉसफर्डच्या आरएएफ संग्रहालयात उभं केलंय. सुलतान ऑफ ओमानचं व्हीसी-१० तर १९८७ मध्ये थेट ब्रुकलँड्सच्या त्याच आखूड धावपट्टीवर उतरवलं, जिथून सगळं सुरू झालं. आता ते तिथल्या संग्रहालयात आहे, आत जाऊन बघता येतं. लंडनहून ट्रेनने फार लांब नाही, त्यामुळे तिकडे शिकणाऱ्या, नोकरी करणाऱ्या आपल्या श्रोत्यांनो, एक शनिवार काढा.

आणि इकडच्यांनो, तुमच्या गावात हवाई दलाचा तळ असेल आणि डोक्यावरून दोन पंख्यांचं पांढरट विमान किंचाळत गेलं, तर फोन काढून आवाज रेकॉर्ड करा. सुरक्षेचा मुद्दा आहे, त्यामुळे तळाचे फोटो-व्हिडिओ अजिबात काढू नका, फक्त आपल्या गच्चीवरून आवाज. घरात कुणी हवाई दलात किंवा एचएएलमध्ये काम केलेलं असेल तर त्यांच्याशी बोलताना पण रेकॉर्डर चालू ठेवा, अर्थात विचारून. ऑडिओ पाठवलात तर पुढच्या एखाद्या एपिसोडमध्ये नक्की लावू. भेटू पुढच्या रविवारी.